पहिल्या पानावरची बस

डिसेंबर लागला की आमच्याकडच्या वर्तमानपत्राचं वजन वाढतं. बातम्या वाढतात म्हणून नव्हे, आत घातलेले गुळगुळीत कागद वाढतात म्हणून. 'प्रवेश सुरू.' 'मोजक्याच जागा.' 'आपल्या पाल्याचं पहिलं पाऊल.' त्यावर गोबऱ्या गालांची मुलं हसत असतात. यंदा तर दोन शाळांनी एकाच मुलाचा फोटो छापलाय, आणि ते मूल बहुधा दोन्हींकडे जात नसावं. मी हे कागद ओट्यावर पसरते आणि त्यांवर मटार सोलते. सालं हसऱ्या चेहऱ्यांवर पडत जातात. तेवढंच जरा बरं वाटतं.

कर्वेनगरात या दिवसांत सकाळी नदीकडून धुकं येतं, गल्लीच्या टोकाला कोणीतरी वाळला पालापाचोळा पेटवून ठेवतं, आणि शाळांच्या मैदानांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी ऐकू येतात. गाड्यांवर बोरं येतात, गाजरं येतात, हरभऱ्याच्या जुड्या येतात. लोकांना हा ऋतू आवडतो. मलाही एकेकाळी आवडायचा. आता थंडीची पहिली झुळूक आली की माझ्या पोटात बेंबीच्या जरा वर एक मूठ वळते आणि ती फेब्रुवारी संपेपर्यंत सुटत नाही.

चार वर्षांपूर्वीच्या अशाच थंडीत मी ते पुस्तक आणलं. जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, कोपरे गोल कापलेलं, अंक शिकवणारं चित्रांचं पुस्तक. विषय शहर. पहिल्या पानावर एक लाल बस. दुसऱ्यावर दोन हवालदार. पुढे भाजीच्या गाड्या, सायकली, कबुतरं, छत्र्या असं करत करत शेवटच्या पानावर एका इमारतीच्या दहा उजळलेल्या खिडक्या. चित्रातल्या शहरात झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे गाड्या थांबलेल्या होत्या आणि दोन्ही हवालदार चक्क हसत होते, म्हणजे ते पुणे नव्हतं एवढं उघड होतं. पण चित्रं सुंदर होती. मला वाटलं, यातून होईल.

काय होईल? तर मिहीर बोलेल. माझा मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. आई नाही, बाबा नाही, दे नाही, नको नाही. हवं असेल त्या वस्तूकडे तो माझा हात धरून नेत असे आणि माझाच हात त्या वस्तूवर ठेवत असे, दाराची कडी लावायला काठी वापरावी तसा. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, आता कळलं. मला ते नाव पाठ झालं, त्यावरचे लेख पाठ झाले, आणि मुलगा होता तिथेच राहिला.

मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. संध्याकाळी सातची बॅच. तोंडात बोळे घातल्यासारखी गप्प बसणारी मुलं मी बोलती करते अशी माझी थोडी ख्याती आहे. ती आठवली की मला हसू येत नाही, संताप येतो.

दुपारी चारला मिहीरला मांडीवर घेऊन मी पुस्तक उघडायची. 'बघ, बस. किती बस? एक. म्हण, एक.' माझ्या हनुवटीला त्याचे केस लागायचे, त्यांना नारळाच्या तेलाचा वास असायचा. तो बसकडे बघायचाही. अगदी निरखून बघायचा. मग पान उलटायच्या आधी बोट जिभेला लावायचा, पुठ्ठ्याच्या पानाला त्याची काही गरज नसताना. ही लकब त्यानं आजोबांची उचलली होती. म्हणजे त्याला दिसत होतं, तो उचलत होता, आत काहीतरी जमा होत होतं. मग बाहेर का येत नव्हतं? 'एक. मिहीर, एक.' माझा आवाज गोड सुरू व्हायचा आणि चौथ्या पानापर्यंत फळ्यासमोरचा व्हायचा. सहाव्या पानाला तो कानांवर हात ठेवायचा.

आजोबा म्हणजे माझे सासरे. अकोल्याकडच्या एका तालुक्याच्या गावी त्यांचं धान्याचं दुकान होतं. सासूबाई गेल्यावर ते दुकान पुतण्याकडे सोपवून आमच्याकडे राहायला आले होते. घरात दिवसभर बोलणारं माणूस असलं की पोरगं बोलेल, असा त्यांचा हिशेब. बोलायचे मात्र ते स्वतःच कमी. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि आमचं चारचं रणांगण ऐकायचे.

'कायले एवढी मागं लागतं वं त्याच्या?' एकदा ते आत येऊन म्हणाले. 'बोलन तो. त्याचा बाप बी उशिराच बोलला होता.'

'बाबा, निखिल दोन वर्षांचा असताना बोलला. मी विचारलंय सगळ्यांना.'

ते गॅलरीत जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, 'मले बी भेव वाटते. म्हनून म्हन्तो.'

निखिल, माझा नवरा, खराडीला कामाला जातो. कर्वेनगर ते खराडी म्हणजे रोज शहर आडवं कापणं. घरी येईपर्यंत त्याच्यात फक्त बूट काढण्याएवढं त्राण उरलेलं असायचं. बूट काढता काढता तो विचारायचा, 'आज काही?' मी मान हलवायची. हा आमच्या संसारातला त्या थंडीतला संवाद. इतकी निराशा मी त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि ती अशी रोजच्या दोन शब्दांत मावत होती याचं मला अजून नवल वाटतं.

जानेवारीत शाळेचं बोलावणं होतं. एवढ्या लहान मुलांची मुलाखत घ्यायची नसते, म्हणून शाळा मुलाखत घेत नाहीत. 'गप्पा' मारतात. गप्पांमध्ये रंग विचारतात, नाव विचारतात, दहापर्यंत मोजायला सांगतात आणि गप्पा जमल्या नाहीत तर प्रवेश देत नाहीत. निखिल म्हणाला, जाऊच नये. मी म्हटलं, जायचं. मला वाटत होतं, दार एकदा बंद झालं की मग ते कायमचं बंद. त्या शाळेत शिरला तर तो त्या रांगेत राहील जिच्यात सगळी मुलं असतात. नाही शिरला तर दुसरी रांग. त्या रांगेच्या टोकाला काय असतं ते मला बघायचं नव्हतं.

संक्रांतीच्या आसपास गावाहून ज्वारीचं पोतं आलं. गॅलरीत ऊन तिरपं पडलं होतं. बाबा चटईवर बसले, समोर पत्र्याचा डबा, हातात त्यांचं दुकानातलं जुनं मापटं. ते ज्वारी मोजून डब्यात घालत होते. मापानं धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. घरात धान्य येतंय, ते शुभ शब्दानं यावं. बाबांनी आयुष्यभर दुकानात तसंच मोजलं होतं. डब्याच्या तळाशी ज्वारी पडली की पाऊस पत्र्यावर पडल्यासारखा आवाज व्हायचा, आणि बाबांचा संथ आवाज. 'लाभ... दोन... तीन...' मिहीर त्यांच्या गुडघ्याला टेकून बसला होता. डबा भरला, बाबांनी दुसरा घेतला, पुन्हा पहिलं माप. ते मापटं वर धरून थांबले होते, शिंक येईल की काय म्हणून.

'लाभ,' मिहीर म्हणाला.

स्वच्छ. लहान मुलाच्या बोबड्या आवाजात नाही, बाबांच्याच आवाजात, त्याच सुरात. मी स्वयंपाकघरात होते. धावत गेले. बाबांच्या हातातलं मापटं कलंडलं होतं, गॅलरीभर ज्वारी झाली होती आणि ते तिच्यात तसेच बसून होते. 'आयकलं का वं? आयकलं का?' एवढंच म्हणत होते.

मी पुस्तक आणलं. पहिलं पान उघडलं. मिहीरनं लाल बसवर बोट ठेवलं आणि म्हणाला, 'लाभ.' मी त्याच्या डोक्याचे इतके पापे घेतले की तो मला ढकलायला लागला. संध्याकाळी निखिल आला, बूट न काढताच जमिनीवर बसला, आणि बसचं पान पुन्हापुन्हा उघडून लेकाच्या तोंडून तो शब्द ऐकत राहिला. त्या दिवशी मी बॅचला गेले आणि दहावीच्या मुलांना काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुसरं पान उघडलं. दोन हवालदार. मिहीरनं पहिल्यावर बोट ठेवलं. 'लाभ.' त्यानं दुसऱ्यावर बोट ठेवलं. 'लाभ.'

कबुतरांच्या पानावर प्रत्येक कबुतर लाभ. छत्र्या सगळ्या लाभ. शेवटच्या पानावर तो एकेका खिडकीवर बोट ठेवत गेला, शांतपणे, एकही न चुकवता, आणि प्रत्येक खिडकीला तेच म्हणाला. आनंद कुठे संपला आणि भीती कुठे सुरू झाली ते मला नीट माहीत आहे. चौथ्या खिडकीला. मोजायचं म्हणजे मागचं धरून ठेवावं लागतं. एक बाजूला ठेवल्याशिवाय दोन म्हणता येत नाही. त्याच्यापाशी मागचं काही उरतच नव्हतं. दर वेळी जग पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होतं. गणिताच्या बाईला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

बाबांनी हार मानली नाही. ते रोज त्याला घेऊन बसायचे. 'म्होरं चाल न बाबू. लाभ झाला. आता दोन म्हन. दो...न.' मिहीर त्यांच्या ओठांकडे बघायचा आणि पुन्हा पहिला शब्द म्हणायचा, आता त्यांना हवा तसा मोठ्यानं. एका दुपारी पुस्तक मांडीवर उघडं ठेवून बाबा मला म्हणाले, 'म्या चुकीचं शिकोलं का वं त्याले? एक शिकोला असता तं गेला असता का म्होरं?' सत्तरी ओलांडलेला माणूस हे मला विचारत होता, आणि मला नाही म्हणायला जरा जास्त वेळ लागला.

शाळेतल्या बाई वाईट असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्यावर चिडून मी घरी आले असते, चार जणींना सांगितलं असतं. पण त्या चांगल्या होत्या. सुती साडी, मऊ आवाज. त्यांनी मिहीरसमोर एका बसचं चित्र ठेवलं. 'मिहीर, किती बस आहेत रे?' 'लाभ,' मिहीर म्हणाला. मी घाईघाईनं समजावू लागले, तर त्यांनी हात वर केला. 'माहितीये मला. माझे आजोबा मोजायचे असंच. किती वर्षांनी ऐकलं.' माझ्या पोटातली मूठ सैल झाली. मग त्यांनी तीन बदकांचं चित्र ठेवलं. मिहीरनं बोट ठेवलं. पहिलं बदक लाभ, दुसरं लाभ, तिसरंही लाभ. बाईंनी ते ऐकलं, चित्र हळूच उपडं ठेवलं आणि मला विचारलं, 'आपण डॉक्टरांना दाखवलंय ना?'

बाहेर बाकांवर पुढची मुलं बसली होती. एक आई लेकीला धडाधड मोजायला लावत होती आणि ती मुलगी आगगाडीसारखी पन्नाशीच्या पुढे गेली होती. मला त्या आईचा इतका हेवा वाटला की जिना उतरताना मी कठडा धरला.

मग दुसरी रांग आलीच. कात्रजच्या बाजूला मिहीरची शाळा आहे, सकाळी व्हॅन येते. तिथे भली माणसं आहेत. चार वर्षांत त्याला 'पाणी' आलं, 'नको' आलं. दोन्ही शब्द त्याच्या मर्जीनं येतात. मोजणं मात्र तिथेच थांबलं. आकडा म्हणून त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द, आणि तो शब्द घराबाहेर सहसा कोणाला कळत नाही. गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. तो शब्द ज्यांनी दिला तेच गेले. आता घरात तो कळणारी आम्ही दोघं, मी आणि निखिल. कधी भाजी निवडताना मनात येतं की आमच्यानंतर हा मुलगा एखाद्या अनोळखी माणसासमोर बसेल, त्याच्याजवळचा सगळ्यांत मोठा शब्द काढून देईल, आणि ते माणूस म्हणेल, काय म्हणतोय हा? त्यापुढे मी विचार करू शकत नाही. उठते आणि ओटा पुसते. आमचा ओटा फार स्वच्छ असतो.

यंदा दिवाळीनंतर आमच्या खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले. मृणाल आणि तिचा नवरा, दोघंही नोकरीवाले, आणि त्यांची सई, पावणेचार वर्षांची. सईला सांभाळायला येणाऱ्या मावशी पाचच्या सुमारास तिला आमच्याकडे आणून सोडू लागल्या, तासभर. सई पहिल्या दिवशी घरभर फिरली, मिहीरला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला म्हणाली, 'हा दादा बोलत नाही का?' मी म्हटलं, 'थोडं बोलतो.' 'बरं,' ती म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय संपला. मोठ्या माणसांना जे चार वर्षांत जमलं नव्हतं ते तिनं एका शब्दात उरकलं.

पुस्तक तिनंच शोधून काढलं. मिहीरला समोर बसवून ती बाई झाली. 'किती बस आहेत?' 'लाभ,' मिहीर म्हणाला. सईनं क्षणभर विचार केला. या घरात असंच म्हणत असतील, असं तिला वाटलं असावं. 'बरोबर,' ती म्हणाली आणि पान उलटलं. आठवड्याभरात ती स्वतःही तसंच मोजू लागली, लाभ, दोन, तीन, चार, थेट दहा खिडक्यांपर्यंत. मिहीर तिच्या तोंडाकडे बघत बसायचा. तिनं कधी त्याला पुढचं म्हणायला सांगितलं नाही. तिला त्याचं काही करायचंच नव्हतं. तिला फक्त खेळायचं होतं.

परवाचीच गोष्ट. सईनं दुसरं पान उघडलं. डाव्या हवालदारावर बोट ठेवून म्हणाली, 'लाभ.' मग तिला खोकला आला. ती खोकत राहिली आणि तिचं बोट तिथेच राहिलं. मिहीरनं हात पुढे केला. उजव्या हवालदारावर बोट ठेवलं.

'दोन,' तो म्हणाला.

मी दारात उभी होते. हातातला पेला मी खाली ठेवला, आवाज न करता. सईनं खोकला आवरला, 'तुझी पाळी नव्हती,' असं बजावलं आणि पुन्हा डावीकडे बोट ठेवलं. 'लाभ.' 'दोन,' मिहीर म्हणाला. मग तो हसला. दोघांच्या दोन बोटांखाली ते दोन हवालदार होते. म्हणजे पहिलं कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं. एवढंच होतं का ते? चार वर्षं मी दोन्ही बाजूंनी माझंच बोट ठेवत होते.

निखिलला मी फोन केला नाही. घरी आल्यावर सांगितलं. तो बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला.

काल संध्याकाळी बेल वाजली. पाच वाजले नव्हते. दारात मृणाल, सुट्टी घेतलेली दिसत होती, हातात तिळाच्या वड्यांचा डबा.

'ताई, एक बोलायचं होतं. प्लीज गैरसमज करून घेऊ नका हं.'

'बोला ना.'

'पुढच्या महिन्यात शाळेत सईचं इंटरॅक्शन आहे. आणि ती ना, काउंटिंग करताना एकच्या जागी लाभ म्हणायला लागलीये. आम्ही करेक्ट करतो, पण इकडे आली की परत तेच. मला क्यूट वाटतं, खरंच. पण तिथे कोणाला कळणार? म्हणून म्हटलं, ॲडमिशन होईपर्यंत थोडे दिवस नाही पाठवत. मग येईलच ती.'

ती खरोखर ओशाळली होती. डोळ्यांखाली काळं होतं. मला तिच्या पोटातली मूठ दिसत होती, माझ्याच पोटातल्यासारखी. तिला काय सांगायचं? की तुमच्या लेकीच्या खोकल्यानं माझा मुलगा चार वर्षांची भिंत ओलांडून आला? की रोज दहा मिनिटं पाठवा, हवं तर मी बाजूला बसून तिला एक म्हणायला लावते? हे दुसरं मी म्हटलं. खरंच म्हटलं. माझा आवाज असा झाला होता की तो मला ओळखू आला नाही. मृणालनं माझा हात धरला. 'ताई, फक्त महिनाभर,' ती म्हणाली. 'तुम्ही समजू शकता ना?'

समजू शकत होते. तेच तर होतं. तिच्या जागी मी असते तर मीही मुलीला वर पाठवली नसती. 'बरोबर आहे तुमचं,' मी म्हणाले आणि डबा घेतला.

आज पाचला मिहीर पुस्तक घेऊन बसला. दुसरं पान उघडलं. मी शेजारी बसले, डाव्या हवालदारावर बोट ठेवलं आणि सईसारखंच म्हणाले, 'लाभ.' त्यानं माझं बोट पाहिलं. मग ते धरून पानावरून उचललं आणि माझ्या मांडीवर नीट ठेवून दिलं. मी पुन्हा ठेवलं. त्यानं पुन्हा उचललं. 'नको,' म्हणाला.

खालच्या गॅलरीतून आवाज येऊ लागला होता. मृणाल आजही घरीच होती आणि सईचा अभ्यास घेत होती. 'एक, दोन, तीन, चार...' मिहीरनं मान वर केली. पुस्तक काखेत घेऊन तो गॅलरीत गेला, गजांना गाल टेकवून खाली बघू लागला. सईचा आवाज मधूनच थांबत होता, मृणाल तिला पुढचं सांगत होती. मी त्याला आत आणायला उठले आणि उठून तशीच उभी राहिले.

'लाभ,' मिहीर खाली वाकून म्हणाला. मोठ्यानं. बाबांना हवा असायचा तसा.

खाली मोजणं थांबलं. मिहीर वाट बघत होता. त्याचं एक बोट गजावर होतं, अगदी स्थिर, कोणीतरी शेजारी बोट ठेवेल म्हणून धरून ठेवल्यासारखं.

'सई, लक्ष कुठे आहे?' मृणाल हळूच म्हणाली. 'चल, पुन्हा पहिल्यापासून.'

मग खालून सईचा आवाज आला, 'एक.'